सोबत कोण आहे?

"सोबत कोण आहे?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"नात आहे की," मी म्हटलं. "खाली गाडी लावतेय."

या गोष्टीला दहा वर्षं झाली. मी तेव्हा सहासष्टची होते. आमच्या मिरजेत दवाखाने इतके, की रस्त्यात उभं राहून "ओ डॉक्टर" अशी हाक मारली तर सात-आठ जण वळून बघतात. पण दवाखाना कुठलाही असो, हा प्रश्न चुकत नाही. दुखतंय कुठं ते नंतर. आधी सोबत कोण?

माझी खरी नात पुण्यात, इंजिनिअरिंगला. तिला, तिच्या आईला आणि माझ्या मुलाला मी कुठं आलेय याचा पत्ता नव्हता. फोनवर मी सांगितलं होतं, की आज गॅसवाला येणार आहे, दिवसभर घरीच आहे. म्हातारी या वयात तोंडाला लेसर मारून घेतेय म्हटल्यावर सूनबाई तिकडं मैत्रिणींना सांगून हसली असती, आणि मुलगा इकडं येऊन रागावला असता. रागवायला का होईना, आला असता म्हणा. पण मला ते नको होतं.

"त्यांना वर बोलवा," काउंटरवरची म्हणाली. तिच्या छातीवर पल्लवी अशी पाटी होती. "पेशंटला एकटं सोडत नाही आम्ही. सोबतच्याची सही लागते."

तेवढ्यात दारातून एक मुलगी आत आली. हातात स्कूटीची किल्ली, तोंडाला गुलाबी फुलाफुलांचा स्कार्फ, नुसते डोळे दिसतील असा बांधलेला.

"ही बघा, आली," मी म्हटलं.

मुलीनं स्कार्फ सोडला. बावीस-तेवीसची असेल. दोन्ही गालांवर मुरुमांचे खोल खड्डे, आणि मधेमधे लाल चट्टे. ती माझ्याकडं बघत राहिली. मी पल्लवीला दिसणार नाही अशा बेतानं एक डोळा मिचकावला.

"पार्किंगला जागाच नव्हती, आजी," मुलगी म्हणाली.

पोरगी हुशार निघाली. पल्लवीनं दोन फायली काढल्या आणि आलटून पालटून वाचल्या.

"रुबीना मुजावर. आणि तुम्ही शालन माने."

"आंतरधर्मीय आहे," मी आवाज खाली आणून म्हटलं. "घरात अजून कुणी त्यावर बोलत नाही. तुम्हीही बोलू नका."

पल्लवी बिचारी गोरीमोरी झाली. तिनं फॉर्म पुढं केला. रुबीनानं माझ्या फॉर्मवर सही केली, नातं: नात. मग पल्लवीनं तिला विचारलं, "आणि तुमच्यासोबत?"

"आजी," रुबीनानं सांगितलं. मी सही केली.

आत एका लांबट खोलीत आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. तोंडाला पांढरं क्रीम थापलं, कातडी बधिर व्हायला. त्यावर डबा झाकतात तसला पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला, नाकाला आणि तोंडाला भोकं ठेवून. पाऊण तास असंच बसायचं. खोलीत आणखी चार जण होते, सगळे तसेच. पांढऱ्या तोंडाचे, चकाकणारे, गप्प. कोण म्हातारं, कोण तरणं, काही कळत नव्हतं. मला ती खोली फार आवडली.

"आजी," रुबीना हळूच म्हणाली, "तुम्हाला हे खड्डे कशानं पडले? मुरुमांचे नाही वाटत."

"गारांनी."

"गारा?"

"मी चार वर्षांची. अंगणात खेळत होते. एवढाल्या गारा पडल्या, अंड्याएवढ्या. बाकीच्या उडून गेल्या, पण कपाळातल्या दोन अशा रुतल्या की उन्हाळाभर वितळल्याच नाहीत. आमच्या घरात माठ नव्हता. दुपारी माझ्या कपाळावर तांब्या ठेवून ताक गार करायचे."

प्लॅस्टिकच्या आतून कसलासा आवाज आला. हसायला बंदी होती, क्रीम सरकतं. तिनं दोन्ही हातांनी गाल धरले.

"आजी, हसवू नका हो. ओठ बधिर झालेत."

आधी थाप मारून टाकायची, ही माझी जुनी सवय. लोकांची नजर माझ्या तोंडावर आली, की ती तिथं फिरायला लागते, खड्ड्याखड्ड्यांतून, बाजारात फिरल्यासारखी. विचारायचा धीर होत नाही. मग मीच सांगून टाकते. भाजीवालीला सांगितलं, मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घातलं होतं. पोस्टमनला सांगितलं, आम्ही दोघी बहिणी होतो, चाळणीतून चाळल्या, मी वर राहिले. डॉक्टर उपाध्येबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा म्हटलं, हरभऱ्याच्या राशीवर पालथी झोपले होते.

"झोपेत एवढे खड्डे पडतात?" बाई हसल्या होत्या.

"उठवायला कुणी आलंच नाही ना. तीन दिवस."

बाई हसायच्या थांबल्या. मग भिंग लावून गाल बघितले.

"देवीचे व्रण आहेत. साठ वर्षांपूर्वीचे. आजी, मी खोटं सांगणार नाही. चार सिटिंग करू, दर दीड महिन्यानं एक. पण खड्डे पूर्ण जाणार नाहीत. निम्मे भरले तरी खूप."

"निम्मे चालतील. ओळख पटल्याशी कारण."

"कुणाला ओळख पटायचीय?"

"सिनेमात काम मिळतंय," मी सांगितलं. "हिरॉइनच्या आईचं."

त्यांनी पहिल्या सिटिंगची तारीख लिहून दिली.

लेसरचं म्हणाल तर दुखतं, पण सोसण्यासारखं. डोळ्यांवर वाट्या बसवतात. मग टक, टक, टक असा आवाज, आणि तापलेल्या सुया कुणी ओळीनं टोचत गेल्यासारखं वाटतं. केस जळाल्याचा वास येतो. शेजारून थंड वाऱ्याची नळी फिरत असते. उठल्यावर आरसा दिला. तोंड लालबुंद, आणि त्यावर बारीक ठिपक्यांची जाळी, वहीच्या चौकटींसारखी.

"चार दिवसांत बारीक सालं निघतील," बाई म्हणाल्या. "ओढायची नाहीत. खाजवायचं नाही. उन्हात जायचं नाही. लाली आठ-पंधरा दिवसांत उतरेल. तुमच्या वयाला जास्तही लागतील."

रुबीनानं मला स्कूटीवरून घरी सोडलं. वाटेत लक्ष्मी मार्केटपाशी थांबून तिनं मला स्कार्फ बांधायला शिकवलं, डोक्यावरून घ्यायचा, नाकावरून न्यायचा, मागं खोचायचा. तो गुलाबी फुलांचा तिनं मलाच देऊन टाकला. त्या दिवशी बायका-बाप्ये माझ्याकडं न बघता पुढं गेले. नुसते गेले. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा मी बाजारातून कुणीच नसल्यासारखी चालले.

तशी मी न दिसण्याचीच नोकरी केली. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि गावभर माझा आवाज. आवाज चांगला होता हो. ट्रंक कॉल जोडताना तिकडची माणसं दोन शब्द जास्त बोलायची. आमचे हे तिथंच लाइनमन. दिवसभर खांबावर चढायचे. म्हणायचे, वरून सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. ते गेल्यापासून घरात आवाज म्हणजे माझाच, आणि रेडिओचा.

दीड महिन्यानं दुसरं सिटिंग. पल्लवीनं आम्हाला एकत्र बघितलं आणि न विचारता दोन्ही फॉर्म पुढं केले. क्रीम लावून बसलो. त्या दिवशी खोलीत आम्ही दोघीच होतो.

"अम्मीला अजून सांगितलं नाही," रुबीना म्हणाली. ती मोबाइलच्या दुकानात कामाला होती. "ती म्हणते, अल्लानं दिलंय तसं राहू दे. तिला काय जातंय बोलायला. तिचा गाल बघा, बोट ठेवलं तर घसरेल. आजी, आज खरं सांगा. तुम्ही कशाला करताय हे?"

"सांगितलं ना, सिनेमात..."

"माझ्या सहीवर आत जाता तुम्ही. खरं सांगा."

प्लॅस्टिकच्या आड सगळं सोपं जातं. मी सांगितलं.

"मी चार वर्षांची असताना मला देवी आल्या."

"देवी म्हणजे?"

"एक रोग होता. आता जगात राहिला नाही. जाताना सामान माझ्याकडं ठेवून गेला." मी गालावर बोट फिरवायला गेले, तिनं माझा हात धरला. "आई माझ्याजवळ बसून होती. मग तिलाही आल्या. मी उठले, ती नाही उठली. मला तिचा चेहरा आठवत नाही, रुबीना. फोटो नाही. त्या काळात आमच्या वाडीत कुणाचा फोटो असणार. सगळे म्हणायचे, ही पोर हुबेहूब आईसारखी होती, देवी यायच्या आधी. म्हणजे ती इथंच आहे. या खड्ड्यांच्या खाली. डॉक्टरीणबाई निम्मे भरणार म्हणतात. निम्मी दिसली तरी मला पुरेल."

रुबीनानं खुर्ची माझ्याकडं ओढली.

"पण मला कळणार कसं, हीच ती म्हणून? तिला बघितलेलं आता एकच माणूस उरलंय. माझी मावशी, आईची धाकटी बहीण. जतच्या पुढं असते. ऐंशी वर्षांची झालीय आणि हल्ली खाटेवरच आहे. चारही सिटिंग झाली, लाली उतरली, की मी तिच्यापुढं जाऊन बसणार आहे. तिनं बघून सांगायचं. तेवढं होईपर्यंत तिनं थांबायला पाहिजे."

"किती दिवस?"

"अजून दोन सिटिंग. मार्च उजाडेल."

"थांबतील," रुबीना म्हणाली. तिनं माझा हात सोडला नव्हता. आमच्या दोघींच्या तोंडावर एवढं क्रीम होतं, की कुणाचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता.

तिसरं सिटिंग जानेवारीच्या अखेरीला झालं. त्या दिवशी रुबीनानं आधीच सांगून टाकलं. तिला पुण्याच्या शोरूममध्ये नोकरी मिळाली होती. चौथं सिटिंग ती तिकडंच कुठंतरी करून घेणार होती.

"मुलाखतीला स्कार्फ काढून बसले, आजी," ती म्हणाली. "कुणी काही विचारलंच नाही. मी तयारी करून गेले होते, गारांची गोष्ट सांगायची म्हणून."

"पुण्यात गारा चालत नाहीत. तिथं काहीतरी इंग्लिश पडलं पाहिजे अंगावर."

जाताना तिनं मोबाइलवर आमच्या दोघींचा फोटो काढला, दोन लाल टोमॅटो. म्हणाली पाठवते. माझ्याकडं साधा फोन होता, त्यावर फोटो यायचा नाही. तिनं ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

या वेळची लाली उतरेना. बाईंनी जरा जास्त खोल लेसर मारला होता, उजव्या गालावर खड्डे दाट म्हणून. आठ दिवस गेले, बारा गेले. खड्डे खरंच भरत आले होते, कपाळावरचे दोन तर बोटाला लागेनात. पण तोंड रात्रंदिवस भट्टीसमोर बसल्यासारखं लाल. मी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहायची, दिवा लावून, दिवा घालवून, मान तिरकी करून. कधी वाटायचं, ही बघ, आली. कधी वाटायचं, ही तर एक्स्चेंजमधली माने बाई, उन्हातून आलेली.

पंधराव्या दिवशी सकाळी मावशीच्या सुनेचा फोन आला.

"आक्का, म्हातारीनं खाणं सोडलंय. तुमचं नाव काढतीया. येऊन जावा."

मी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "अजून पंधरा दिवस तरी ऊन नको. काळे डाग पडतील. मग मेहनत सगळी वाया जाईल, आजी."

"बरं," मी म्हटलं, आणि स्कार्फ बांधून जतची एस.टी. पकडली.

खिडकीची जागा सोडून आतली घेतली. तरी ऊन येऊन मांडीवर बसलंच. शेजारची बाई सारखी माझ्या डोळ्यांकडं बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "कॉलेजला जातीस काय गं?" स्कार्फ बघून फसली होती. मी म्हटलं, "हो. यंदा परीक्षा आहे." आणि कवठेमहांकाळपर्यंत तिला परीक्षेचं सांगत बसले. एरवी मी थाप एवढी लांबवली नसती. पण त्या दिवशी पाठ केलेलं सगळं विसरतं का काय, अशी भीती वाटत होती खरंच, परीक्षेची.

अंबूमावशी ओसरीतल्या खाटेवर होती. एवढीशी झाली होती, गोधडीच्या घडीएवढी. पण डोळे जागे होते. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं चिमणीचं पिल्लूही दिसायचं.

सून चहा ठेवायला आत गेली. मी खाटेशेजारी बसले आणि स्कार्फ सोडला.

मावशी बघत राहिली. मी मान जरा तिरकी केली, डावा गाल पुढं, तो जास्त भरला होता.

"ताप आलाय व्हय तुला?" मावशी म्हणाली.

"नाही गं. दवाखान्यात... थोडा उपचार केला. खड्डे भरायचा."

"असंच लाल झालं हुतं तोंड. देवी यायच्या आदल्या दिशी." तिनं हात वर केला, तो माझ्या गालापर्यंत पोचेना. मी खाली वाकले. तिच्या बोटांना कपाळ सापडलं, मग नाक, मग उजवा गाल. "भरलं की गं. कशानं?"

"लेसरनं. उजेडानं जाळतात."

"उजेडानं," ती म्हणाली. "आता काय काय काढत्यात."

मी किती दिवस ते वाक्य घोळवत होते. बसमध्येही घोळवलं होतं. तोंडातून बाहेर आलं ते भलतंच लहान आलं.

"मावशी, मी आईसारखी दिसते का गं आता?"

तिनं हात काढून घेतला. उशीवर डोकं नीट केलं आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, सावकाश, सुईत दोरा ओवताना बघावं तसं.

"न्हाई," ती म्हणाली.

"थोडी तरी?"

"थोडी बी न्हाई. कपाळ बापाचं, नाक बापाचं, हनुवटी तुझ्या आज्याची. कौसाताईचं तुझ्यात कायसुदिक न्हाई, शालन."

आत चहाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पण सगळे म्हणायचे," मी म्हटलं. "हुबेहूब आईसारखी होती म्हणून."

"सगळे कुठले. मीच म्हणायची." मावशीनं गोधडीची कड चिमटीत धरली. "तू बरी झालीस, आन् आरसा घिऊन बसाय लागलीस. दिसभर. आई कशी हुती, आई कशी हुती. मला अठरावं वरीस. तुला काय सांगायचं? मला नीट सांगाय येत न्हवतं, ते नाक कसं हुतं आन् डोळं कसं हुतं. म्हटलं, तुझ्यावानीच. तवा कुठं तू आरसा खाली ठिवलास. मग तुझी आजी बी तसंच म्हणाय लागली, मामा बी. तेच बसलं सगळ्यांच्या तोंडी."

लग्न झालं, नोकरी झाली, हे गेले. एवढ्या वर्षांत मी कितीदा आरसा उचलला असेल. मी स्कार्फ घडी घालायला घेतला. घातली, मोडली, परत घातली.

"रागावलीस व्हय?"

"नाही."

"रागावलीस. नाक फुगलंय. ते बी बापासारखं."

"मग ती कशी होती, मावशी? आता खरं सांग."

"कौसाताई?" मावशीच्या तोंडाचं बोळकं हललं. हसत होती. "थापाडी हुती. एक नंबरची. पाण्याला गेली की घागरीतनं पाणी कमी न् गोष्ट जास्त घिऊन यायची. मला सांगायची, तू मला इहिरीत बादलीत घावलीस, म्हणून तुझं केस वलं असत्यात. मी धा वर्साची हुईस्तवर खरं मानायची."

"मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारलंस? तू तोंड इचारायचीस." ती दमली, थांबली. मी तिला चमच्यानं पाणी पाजलं. दोन चमचे गेले, तिसरा ओघळला. तोंड पुसून घेतल्यावर ती परत बोलायला लागली, आवाज बारीक झाला होता.

"तुला देवी आल्या तवा अंगभर फोड. खाज म्हंजे काय. हात बांधाय सांगितलं हुतं म्हाताऱ्यांनी. ताईनं बांधू दिलं न्हाईत. दोन्ही हात आपल्या हातात धरून बसायची. म्हणायची, शालू, खाजवू नगंस. देवी तुझ्या गालावर सागरगोटं खेळतीया. हिथं एक पडला, हिथं एक पडला. हात लावलास की डाव मोडतो, आन् तिला पयल्यापासनं खेळाय लागतंय. डाव संपला की ती उठून जाईल. तू इचारायचीस, आता किती झालं? ती सांगायची, पंजी झाली, आता छक्की. रातभर. मी पलीकडं पडून ऐकायची. इतकं दिस डाव चालवला तिनं. आन् मग तिला सोताला ताप भरला, तरी आतनं वरडून सांगत हुती, शालू, एक झेल ऱ्हायलाय, एकच, हात लावू नगंस."

मावशीनं डोळे मिटले.

"त्या खड्ड्यांवर पयली थाप तिची हाय," ती म्हणाली. "तुझ्या नंतरच्या."

सून चहा घेऊन आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "अगो बाई, आक्का, तोंडाला काय झालं?"

"बसमध्ये खिडकीशी बसले होते," मी म्हटलं.

"एवढं भाजलं?"

"सूर्य शेजारच्याच सीटवर होता. जतला उतरला."

खाटेवरून कसलासा आवाज आला, पाटा सरकवल्यासारखा. मावशी डोळे मिटून हसत होती. "बघ," ती सुनेला म्हणाली. "हीच कौसाताई. शालन, तुला बघायची हुती न्हवं."

मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. स्कार्फ पिशवीत होता, बांधला नाही. ऊन उतरलं होतं तसं. गाडीत माणसं बघत होती, बघू दिलं. घरी आल्यावर कुलूप काढलं, दिवा लावला, रेडिओ लावला, बंद केला. न्हाणीघरात गेले आणि आरशात बघितलं. कपाळ बापाचं, नाक बापाचं. खरंच की. मग मी दोन्ही गालांवरचे खड्डे एकेक करून मोजायला घेतले. सगळे सापडेनात. काही बुजले होते.

मावशी नवव्या दिवशी गेली. मुलगा पुण्याहून आला, एक दिवस राहिला. जेवताना म्हणाला, "आई, तुझ्या तोंडाला काही झालंय का? वेगळी दिसतेस." मी म्हटलं, "साबण बदललाय." तो म्हणाला, "चांगला आहे." सकाळी गेला.

मार्चमध्ये चौथ्या सिटिंगची तारीख होती. मी गेले. उजव्या गालावर दोन काळे डाग पडले होते, बाईंनी सांगितले होते तसे, आणि लाली अजून पुरती गेली नव्हती. काउंटरवर पल्लवीच होती. तिनं फाइल काढली.

"आज चौथं ना, आजी?"

"नको," मी म्हटलं. "खड्डे उरलेत तेवढे राहू देत. लाली तेवढी दाखवायचीय."

"का हो? एकच तर राहिलंय."

"एकच राहिलंय म्हणूनच."

तिला काही कळलं नाही. तिनं फॉर्म पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"आज नात नाही आली?"

"पुण्याला असते ती. नोकरी लागली."

"मग सोबत कोण आहे?"

मागं खुर्च्यांवर लोक बसले होते. एकाची बायको होती, एकीची आई, एकाचा भाऊ मोबाइल बघत होता. मी पल्लवीकडं बघितलं.

"आई आहे," मी म्हटलं.

तिची नजर फाइलवर गेली. वय सहासष्ट. मग माझ्या तोंडावर आली आणि तिथं थोडी फिरली.

"कुठं आहेत त्या?"

"खाली. सागरगोटे खेळतेय. एक झेल राहिलाय, तो झाला की येईल वर."

पल्लवीनं पेन धरून ठेवलं होतं. मग मान खाली घातली आणि रकान्यात हळूहळू, नीट अक्षरात लिहिलं: आई.

"बसा," ती म्हणाली. "त्या आल्या की दोघींना आत पाठवते."